तांबडमाळाच्या चौदा शेळ्या

निबंध आठशे शब्दांचा हवा होता आणि शुभ्राचे सातशे चाळीस लिहून झाले होते. पुण्यातल्या ज्या संस्थेत तिला एमबीए करायचं होतं, त्या संस्थेनं प्रश्न सरळ विचारला होता: आहे त्याच क्षेत्रात राहून तुम्हाला दिशा का बदलायची आहे?

शुभ्रा एका विमा कंपनीच्या भोर कार्यालयात दावे तपासायचं काम करत होती. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर तिनं कंपनीची परीक्षा दिली आणि तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, तिच्यासमोर फायली येत होत्या. दावा नियमात बसतो की नाही एवढंच तिनं सांगायचं. नियम दुसरीकडे, पुण्या-मुंबईत, पॉलिसी बनवणाऱ्या विभागात ठरत. तिला तिकडे जायचं होतं आणि एमबीएशिवाय तिकडे कुणाला घेत नसत.

कंपनी दर वर्षी एका माणसाला शिकायला पाठवायची. दोन वर्षांची फी कंपनी भरणार, शुक्रवार-शनिवार भरपगारी रजा. अटी दोनच होत्या. वय पस्तिशीच्या आत हवं; शुभ्राला चौतीस पूर्ण झाली होती. आणि मागच्या तीन वर्षांत परीक्षकाच्या चुकीमुळे एकही निर्णय फिरलेला नसावा. पुण्याच्या विभागीय व्यवस्थापक मालिनी मॅडमनी शिफारसपत्र लिहून तयार ठेवलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, ‘नऊ वर्षांत हिचा एकही निर्णय बदलावा लागलेला नाही.’ संस्थेतली मुलाखत एकवीस फेब्रुवारीला होती.

“उदाहरण दे एखादं,” बाबा म्हणाले. ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि अजूनही कुठलाही कागद पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचत नसत. “‘मला पॉलिसी बनवायची आहे’ असं चारदा लिहिलंयस. कुठली बिघडलीय ते एकदाही नाही.”

“देते आहे. शेळ्यांची.”

“एमबीएच्या अर्जात शेळ्या?”

“वेल्ह्याच्या फायलींत शेळ्याच असतात, बाबा. शेअर बाजार अजून तिथवर पोचायचाय.”

शेळ्या तांबडमाळाच्या होत्या. वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर नऊ घरांची धनगरवस्ती. श्रावणात साथ आली आणि पाच घरांच्या विमा उतरवलेल्या चौदा शेळ्या मेल्या. विमा उतरवताना डॉक्टर शेळीच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला ठोकतात. त्यावर नंबर असतो. शेळी मेली की तो बिल्ला कानात असलेली शेळीच दाखवावी लागते, नाहीतर कुठलीही शेळी दाखवून कुणीही पैसे मागेल. चौदाही शेळ्यांच्या कानात बिल्ला नव्हता. शुभ्रानं वीस नोव्हेंबरला चौदाही दावे नाकारले होते. पाऊण तास लागला होता.

उरलेल्या साठ शब्दांत तिला लिहायचं होतं, की लोक बिल्ले काढून विकतात किंवा दुसऱ्या जनावराला लावतात. म्हणून कानातून काढताच येणार नाही असा बिल्ला पॉलिसीतच ठरवून द्यायला हवा. वाक्य चांगलं होतं. पण ते अनुमान होतं. बिल्ले कुठे जातात हे तिनं पाहिलेलं नव्हतं. म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी ती स्कूटर घेऊन निघाली. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. पुढे डांबर संपेपर्यंत स्कूटर आणि मग चाळीस मिनिटांची चढण.

पहिल्याच घरापुढे एक म्हातारी करडांना उंबराचा पाला घालत होती. भुंकणाऱ्या कुत्र्यांना तिनं बसल्या जागेवरून शिव्या दिल्या, आणि कुत्री गप्प झाली.

“कुनाच्या तुमी?”

“विमा कंपनीतून आले. ठकुबाईंचं घर कुठलं?”

“ह्येच. म्याच ठकुबाई.” म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “शेळ्या मेल्या शिरावनात, तुमी आलात माघात. आमच्यात तेरावं तेराव्या दिशी करत्यात, बाई.”

शुभ्राला हसू आलं आणि ते दाबायला ती दगडावर बसली. “आजी, तुमच्या शेळ्यांच्या कानातले बिल्ले कुठे गेले?”

“जात्यात कुठं? हायेत की.”

ठकुबाई आत गेली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. डब्यात रेशन कार्ड होतं, बँकेचं पुस्तक होतं, कुणाचा तरी शाळेचा दाखला होता, आणि एका पिशवीत तीन पिवळे बिल्ले होते. मागची खुंटी पकडीनं कापून काढलेली. बिल्ले धुऊन पुसून ठेवलेले होते. एक ओरखडा नव्हता.

शुभ्रानं नंबर वाचले. तिन्ही तिला ओळखीचे होते.

“काढले का हे?”

“तर! डाक्टर बोललं, ह्यो बिल्ला संभाळा, हरवला तर पैसं मिळायचं न्हाईत. शेळी काय, करवंदीच्या जाळीत घुसती, कड्याला जाती. तिच्या कानात ऱ्हातोय व्हय त्यो? म्हून त्याच सांजच्याला काढला आन कागदात ठिवला. शेजारचा गेनबा तर लायटीच्या बिलाच्या फायलीत लावून ठिवतोय.”

“आजी, तो कानातच ठेवायचा असतो.”

“आसं कोन बोललं?”

शुभ्रानं आठवून पाहिलं. पॉलिसीच्या पाचव्या पानावर तसं लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात. पाचवं पान इथे कुणी वाचून दाखवलं असेल असं तिला वाटलं नाही.

ठकुबाईची सून चहा घेऊन बाहेर आली. तिचं नाव प्रगती, वय पंचविशीच्या आसपास. कप देताना तिनं सासूकडे पाहिलं. “आत्या, कानाचं पन सांगा की.”

“सांग तूच. तुला लई बोलाया लागतंय.”

“डाक्टरांनी बिल्ला डाव्या कानात मारला, म्याडम,” प्रगती म्हणाली. “आमच्यात डाव्या कानाला घराची खूण आसती. पिल्लू आठ दिसाचं झालं की कापत्यात. आमची खालच्या कडंला दोन कापं. गेनबामामांचा शेंडा उडवलेला. सावळारामदादांची वरच्या कडंला येक मोटी खाच. सांजच्याला समदी जनावरं येकत्र येत्यात, कान बघून ज्याची त्यानं घ्यायची. बिल्ल्यानं खूणच झाकली. चार दिवस शेळ्यांच्या वाड्यात नुसती भांडनं.”

“सावळ्यानं माजी पाट शेळी त्याच्या घरात बांधली हुती,” ठकुबाई म्हणाली. “वर म्हनतोय, मला काय ठावं, मला पिवळं दिसलं. उजव्या कानात ठोकला आसता तर कोन काढतंय?”

एक करडू शुभ्राच्या ओढणीला तोंड लावत होतं. तिनं त्याचा डावा कान बोटांत धरला. खालच्या कडेला दोन काप होते, सारख्या अंतरावर, कडा भरून आलेल्या. कॉलेजात शेवटच्या वर्षाला तिनं गोगलगायींच्या शिंपल्यांवरच्या खुणा मोजल्या होत्या. खूण टिकाऊ असावी, लांबून दिसावी आणि दुसऱ्या खुणेशी गफलत होऊ नये, एवढीच अपेक्षा असते. ही खूण तिन्ही अटी पुऱ्या करत होती.

घरी येऊन तिनं लॅपटॉपवर फायली उघडल्या. प्रत्येक फाईलच्या शेवटी फोटो होते: विमा उतरवताना, बिल्ला ठोकण्याआधी आणि नंतर काढलेले जिवंत शेळीचे, आणि बारा ऑगस्टला वेल्ह्याच्या डॉक्टरांनी शवविच्छेदन केलं तेव्हाचे, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी. नोव्हेंबरात ते फोटो तिनं उघडलेच नव्हते. पहिल्या पडद्यावर ‘कानात बिल्ला: नाही’ असं आलं की खाली ‘नामंजूर’ची खूण आपोआप उजळते, आणि तिनं ती चौदा वेळा दाबली होती.

कलम सात, पोटकलम ब तिला पाठ होतं. बिल्ला कानात नसल्यास परीक्षकाने विमा उतरवतानाच्या छायाचित्राशी जनावराच्या अन्य खुणा ताडून पाहाव्यात. नव्या मुलांना ती स्वतः हे कलम शिकवत असे.

तिनं आलेखाच्या वहीवर एकेक कान काढला, आधीचा आणि नंतरचा, शेजारी शेजारी. तेरा कान जुळले. चौदावा जुळला नाही. ती गेनबाची शेळी होती: विमा उतरवताना शेंडा उडवलेला, आणि मेलेल्या शेळीचा शेंडा शाबूत, वरच्या कडेला मोठी खाच. ती तिनं वेगळी ठेवली.

एका फाईलला पाच मिनिटं लागली, चौदांना सत्तर. नोव्हेंबरात तिनं पंचेचाळीस दिली होती. चूक पंचवीस मिनिटांची होती.

दुसऱ्या दिवशी तिनं मालिनी मॅडमना फोन केला.

“अगं, मग उघडू या फायली,” मॅडम म्हणाल्या. “पुनर्विचाराचा अर्ज भर. कारण दोन नंबरचं टाक, दावेदाराने पुरावा उशिरा सादर केला. बिल्ले आत्ता दाखवलेच ना त्यांनी? झाला की उशीर.”

“त्यात पाव रक्कम कापली जाते, मॅडम.”

“पाऊण मिळते ना? आज हातात शून्य आहे.”

“आणि तीन वर्षं त्यांच्या नावापुढे शेरा राहतो.”

“आणि एक नंबरचं कारण टाकलंस, परीक्षकाची चूक, की शेरा तुझ्या नावापुढे.” पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. “शुभ्रा, अठरा तारखेला पुनर्विचाराचे नव्वद दिवस संपतात. एकवीसला तुझी मुलाखत. ते पहिलं वाक्य मग मला पत्रात ठेवता येणार नाही आणि त्या वाक्याशिवाय पत्राला अर्थ नाही. पुढच्या वर्षी तू पस्तीस. मी तुला कुणावर जबरदस्ती कर म्हणत नाहीये. अर्जावर सही त्यांची लागते. जा, विचार त्यांना. हो म्हणाले तर तुझंही भलं, त्यांचंही.”

यात खोट काढायला जागा नव्हती. शनिवारी शुभ्रा तेरा अर्ज छापून पुन्हा तांबडमाळावर गेली.

ठकुबाईच्या ओट्यावर पाचही घरांची माणसं जमली. गेनबाही आला होता, साठीचा, डोक्याला लाल मुंडासं, आणि आपलं नाव यादीत नाही म्हणून चिडलेला.

“माजी शेळी काय हसत हसत मेली व्हय?”

“मामा, विमा उतरवलेली शेळी कुठे आहे?”

“ती इकली की बाजारात. मंग सावळ्याकडनं दुसरी घेतली, ती मेली. येक गेली, येक आली. इमा शेळीचाच हाय न्हवं? का तिच्या नावाचा हाय?”

“तिच्याच नावाचा असतो, मामा.”

“आता शेळीला कुठनं नाव आननार!” गेनबा म्हणाला आणि सगळे हसले. शुभ्राही हसली. पण तिनं यादी बदलली नाही आणि गेनबा पुटपुटत बाजूला जाऊन बसला.

ठकुबाईनं पदराला हात पुसले. “आना, कुठं लावायचा अंगठा?”

“थांबा, आत्या.” प्रगतीनं अर्ज घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. ती बारावी सायन्स होती. वस्तीत कागद आला की तिच्याकडे यायचा. “म्याडम, दावेदार म्हंजे आत्याच ना?”

“हो.”

“मग उशीर आत्यांनी केला?”

शुभ्रानं शाईचा पॅड उघडला आणि परत मिटला.

“शेळी मेली त्या दिशीच म्या डाक्टरांना फोन लावला. दुसऱ्या दिशी ते आले, फोटू काढले. उशीर कुठं झाला?”

“आगं, केला तर केला!” ठकुबाई म्हणाली. “तीन शेळ्यांचं पैसं येत्यात, त्यांना न्हाई म्हनू नको.”

“आन ह्यो खाली लिवलाय त्यो शेरा, पुढल्या साली नव्या शेळ्यांचा इमा काढताना दिसतो का?”

“दिसतो,” शुभ्रा म्हणाली.

“मग काढून देत्यात?”

“बहुतेक नाही देत.” तिनं पाणी मागून घेतलं. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून पुढचंही सांगून टाकलं. “दुसरं एक कारण लिहिता येतं. त्यात चूक माझी होते. मग तुमचं काही कापलं जात नाही.”

“मग ते का न्हाई लिवलं?”

“ते लिहिलं तर माझं शिक्षण अडतं. कंपनी पैसे देणार होती, ते देणार नाही.”

ठकुबाईनं विचारलं, “वय काय तुमचं?”

“चौतीस.”

“लगीन?”

“नाही केलं.”

“मंग शिकंल न्हाई तर काय करंल ती!” ठकुबाई सुनेकडे वळली. “पोरगी दोनदा डोंगर चढून आली. ह्या वयात शिकायचं म्हनतीया. आन तू येका शब्दापायी अडून बसलीस. दे हिकडं.”

“आत्या, चूक आपली न्हाई.”

“न्हाई तर न्हाई. आपल्याला काय म्हनून कोन धरून नेनार हाय? दे.”

तिनं अंगठ्याला शाई लावली आणि तिन्ही अर्जांवर, प्रत्येक वेळी नीट जागा विचारून, अंगठा उठवला. तिच्यामागून बाकीच्यांनीही सह्या केल्या, अंगठे लावले. प्रगतीनं कागद गोळा करून शुभ्राच्या हातात दिले. ती रागावलेली दिसत नव्हती. चहा मात्र तिनं या वेळी विचारला नाही.

रविवारी शुभ्रा अर्ज भरायला बसली. नावं, पॉलिसी क्रमांक, गाव, तालुका. सगळं सरळ होतं. नवव्या रकान्यात होतं: ‘पुरावा प्रथम सादर झाल्याचा दिनांक’.

पुरावा म्हणजे फोटो, आणि फोटो ऑगस्टपासून फायलीत होते. दोन नंबरचं कारण टिकायचं तर इथे आठ फेब्रुवारी, म्हणजे बिल्ले तिला दाखवले तो दिवस, लिहावा लागणार होता.

तिनं पेन टेकवलं आणि उचललं. तिला स्वतःला समजावणं सोपं होतं. लोकांना पैसे मिळत होते, त्यांनी आपणहून सह्या केल्या होत्या, मॅडमना चालत होतं. पण तारखेचं काय? प्रयोगशाळेत तापमापीवर एकतीस दिसत असताना वहीत एकोणतीस लिहिणारी मुलं तिच्या वर्गात होती, आणि त्यांचे आलेख फार सुंदर यायचे. तिला ते कधी जमलं नव्हतं. त्यात तिला काही मोठेपणा वाटत नसे. डावखुऱ्या माणसाला उजव्या हातानं लिहिता येत नाही, तसं ते होतं.

ती बराच वेळ बसली. नवव्या रकान्यापुढे ती गेली नाही. जेवायच्या आधी तिनं तेरा अर्ज एकत्र लावून कपाटात ठेवले आणि नवा अर्ज उघडला. यावर दावेदाराची सही लागत नव्हती. कारण क्रमांक एक. ‘पोटकलम ब नुसार छायाचित्रांची पडताळणी परीक्षकाने केली नाही. परीक्षकाचे नाव:’ तिथे तिनं आपलं नाव लिहिलं. तेरा वेळा. सोबत कानांचा तक्ता जोडला आणि चौदाव्या फाईलखाली टीप लिहिली, की जनावर वेगळे असल्याने हा निर्णय कायम ठेवावा.

सोमवारी सकाळी अर्ज पाठवायच्या आधी तिनं बाबांना वाचायला दिले. त्यांनी पेन्सिल घेतली, सगळे वाचले आणि पेन्सिल खाली ठेवली.

“अडतीस वर्षं नोकरी केली मी,” ते म्हणाले. “फायलीत स्वतःच्या हातानं स्वतःविरुद्ध शेरा लिहिणारा कारकून पाहिला नाही.”

“पाठवू नको म्हणताय का?”

“मी कशाला म्हणू? मसुदा चांगला आहे. एका ठिकाणी ‘केलेली नाही’ हवं.” ते उठले. मग दारात थांबून म्हणाले, “तुझी पुढची दोन वर्षं गेली यात, शुभ्रा. अभ्यासाची. मला ती दिसत होती.”

दुपारी मालिनी मॅडमचा फोन आला.

“पत्र मागे घेतेय. घ्यावंच लागेल.”

“हो, मॅडम.”

“तू मला आवडतेस म्हणून सांगते, मूर्खपणा केलास. सगळे खूश झाले असते.”

“हो.”

“हो काय हो! भांड तरी माझ्याशी.” मग मॅडम म्हणाल्या, “तो कानांचा तक्ता नीट स्कॅन करून पाठव. मुळशीच्या फायली काढायला सांगितल्यात मी. तिकडेही बिल्ला नाही म्हणून बऱ्याच नामंजूर झाल्यात.”

“त्या तपासल्या कुणी होत्या?”

“मी नाही, घाबरू नकोस,” मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

मुलाखत अकरा मिनिटं चालली. समोर तिघं होते. निबंधाचा शेवट तिनं पुन्हा लिहिला होता. काढता न येणाऱ्या बिल्ल्याबद्दल त्यात काही नव्हतं. मधल्या बाईंनी विचारलं, कंपनीचं पत्र येणार होतं, त्याचं काय झालं. शुभ्रानं चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मग तिसऱ्या गृहस्थांनी तिला व्याजदर आणि रोख्यांच्या किमतींबद्दल विचारलं आणि ते उत्तर तिला अर्धंच आलं. बाहेर पडताना तिला आपलं कसं झालं ते सांगता आलं नसतं. तिनं स्टँडवर उभं राहून एक वडापाव खाल्ला आणि भोरची एसटी पकडली.

एप्रिलच्या शेवटी फेरतपासणीला साताऱ्याहून अधिकारी तांबडमाळावर आले. ज्याचा निर्णय तपासला जातोय त्या परीक्षकानं जागेवर असावं पण मध्ये बोलू नये असा नियम होता. त्यामुळे शुभ्रा गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली आणि अधिकारी फोटो हातात घेऊन घरोघर फिरले. त्यांना कानांचं कळायला वेळ लागला नाही. प्रगती प्रत्येक घरची एक शेळी धरून आणत होती आणि दाखवत होती. दुपारपर्यंत तेराही दावे पूर्ण रकमेला मंजूर म्हणून लिहिले गेले. ठकुबाईनं अधिकाऱ्यांना ताक दिलं आणि पैसे कधी येणार हे तीनदा विचारलं.

गेनबा शुभ्राजवळ येऊन बसला. “समद्यांचं झालं. माजंच ऱ्हायलं.”

“तुमचं नाही होणार, मामा.”

“ठावं हाय. नुसतं बोलून बगितलं.” त्यानं तंबाखू मळली. “तुमचं झालं का? ठकी सांगत हुती, तुमचं शिक्शान आमच्यापायी बुडालं म्हून.”

“तुमच्यापायी नाही. चूक माझीच होती.” मग तिनं जे घरीही अजून सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. सकाळी वेल्ह्यात स्कूटर थांबवली तेव्हा मेल आली होती. तिला शनिवार-रविवारच्या वर्गात जागा मिळाली होती. कंपनीच्या कोट्यातून नव्हे, साध्या यादीतून, शेवटून चौथी. फीचा पहिला हप्ता त्याच संध्याकाळपर्यंत भरायचा होता. बचतीत दीड वर्षाची फी निघत होती. उरलेल्या सहा महिन्यांचं अजून काही ठरलेलं नव्हतं. शनिवारी कार्यालय अर्धा दिवस असायचं. ते शनिवार बिनपगारी मागावे लागणार होते.

गेनबानं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे घ्याचं का न्हाई, त्ये अजून ठरंना.”

“ठरेना.”

“दोन वर्सानी काय हुनार?”

“छत्तीस वर्षांची होईन.”

“ती तर न्हाई शिकलात तरी व्हाल,” गेनबा म्हणाला आणि तंबाखू तोंडात टाकून उठला. त्यानं फार काही सांगितलं असं त्याला स्वतःला वाटलेलं दिसलं नाही. तो त्याच्या शेळ्यांकडे गेला.

निघताना प्रगतीनं शुभ्राला उताराच्या टोकापर्यंत पोचवलं. वाटेत तिनं विचारलं, तुमचा तो वर्ग चालू झाल्यावर शेळ्यांच्या फायली दुसरं कोन बघनार? शुभ्रा म्हणाली, नोकरी सुटत नाही, निदान दोन वर्षं मीच. “मग बरं,” प्रगती म्हणाली. “दुसऱ्याला पुन्यांदा समदं पहिल्यापासनं सांगावं लागलं आसतं.”

वेल्ह्याच्या स्टँडजवळ शुभ्रानं स्कूटर थांबवली. साडेपाच वाजले होते. बाजूच्या हॉटेलात भजी तळली जात होती आणि पुण्याच्या एसटीसाठी लोक उभे होते. तिनं आधी बाबांना फोन केला.

“साधी जागा मिळालीय. पैसे मला भरायचेत.”

“मुदत कधीची?”

“आज सहापर्यंत.”

“मग मला फोन कशाला करतेस?” बाबा म्हणाले. “भर की.”

तिनं बँकेचं ॲप उघडलं. रक्कम लिहिली, आकडे दोनदा तपासले. चक्र फिरत राहिलं. वेल्ह्यात नेट असंच चालायचं. ती मोबाईल हातात धरून उभी राहिली, आणि पाच वाजून सेहेचाळीस मिनिटांनी पावती आली. तिनं ती साठवून ठेवली, हेल्मेट घातलं आणि स्कूटर सुरू केली. नसरापूरपर्यंत उजेड पुरणार होता.